हाउसिंग सोसायटीच्या कमिटीची मुदत संपते कधी? पाच वर्षं भरल्यावर, की नवी कमिटी बसल्यावर?

जुळे_सोलापूरकर (धागाकर्ता)
काल इथं एकानं लिहिलं, "नवी कमिटी चार्ज घेईपर्यंत जुनीच कायम असते, मुदतीवरून उगाच गोंधळ घालू नका." खाली अंगठ्यांची रांग. हे वाचून गप्प बसवेना.

पाच वर्षं निवडणुकीच्या तारखेपासून मोजतात. चार्ज घेतल्यापासून नाही, बँकेत सह्या बदलल्यापासून तर मुळीच नाही. चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार यांची मुदतही कमिटीबरोबरच संपते. संपण्याआधी राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाला कळवायचं काम कमिटीचंच. जाणूनबुजून कळवलं नाही आणि निवडणूक राहिली, तर सदस्य पदावरून जातात आणि सहकारी संस्थांचे निबंधक सहकार कायद्याच्या कलम 77-अ खाली सभासदांची समिती किंवा प्राधिकृत अधिकारी नेमतात. शिवाय 2019 च्या दुरुस्तीनंतर 250 पर्यंत सभासद असलेल्या सोसायटीला आपली निवडणूक आपणच घेता येते. आपल्याकडे वीस-चाळीस फ्लॅटच्या सोसायट्या. अडलंय कुठं?

आमच्याकडे मुदत संपून दोन गड्डे, म्हणजे सिद्धेश्वराच्या दोन यात्रा, होऊन गेले. तेच चेअरमन, तेच लेटरहेड. मागच्या महिन्यात त्याच सह्यांनी टेरेसच्या वॉटरप्रूफिंगचा ठेका दिला.

माजी_खजिनदार_होटगीरोड
कालचं मीच लिहिलंय, त्यामुळं उत्तरही मीच देतो. कलमं तोंडपाठ आहेत तुमची, छान. आता सांगा, मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी वॉचमनचा पगार कोण देणार? लिफ्ट बंद पडली तर कुणाला फोन लावायचा? निबंधक कार्यालयात अर्ज दिला की लगेच माणूस येतो असं वाटतंय का? आमच्याकडे निवडणूक लावली, एकही अर्ज आला नाही. एकही! तेव्हा जुन्याच पाच जणांनी घर-दार सोडून सोसायटी चालवली. त्यांना तुम्ही बेकायदा म्हणणार?

जुळे_सोलापूरकर
पगार, लाईट बिल, लिफ्टची दुरुस्ती याला कोण अडवतंय? माझा आक्षेप ठेक्याला आहे. मुदत संपलेल्या लोकांनी लाखोंचं काम द्यायचं आणि सभेत विचारलं की म्हणायचं, "मग तुम्ही करा की." आम्ही करायला तयारच आहोत, निवडणूक घ्या म्हणून तर मागं लागलोय.

आसराचौक_77
ती पाच वर्षांची घटनादुरुस्ती सुप्रीम कोर्टानं 2021 ला उडवली. पेपर वाचत जावा जरा.

वकील_सातरस्ता
अर्धवट वाचलंय. 97 व्या घटनादुरुस्तीला निम्म्या राज्यांच्या विधानसभांची मंजुरी नव्हती, म्हणून सहकारी संस्थांबाबतचा तो भाग राज्यांतल्या संस्थांपुरता गेला. पण महाराष्ट्रानं 2013 मध्ये आपल्या 1960 च्या सहकार कायद्यात पाच वर्षांची मुदत घातली, ती राज्याच्या कायद्यात आहे. कोरोनातलं उदाहरण कुणी देण्याआधीच सांगते, तेव्हा निवडणुका सरकारच्या आदेशानं पुढं गेल्या होत्या. कमिटीनं स्वतःच्या मिटिंगमध्ये ठराव करून स्वतःला मुदतवाढ देणं ही वेगळी गोष्ट आहे.

विजापूररोड_बी_विंग
मुदत-बिदत राहू द्या. आमच्याकडं खरा प्रश्न व्हॉल्व्हच्या किल्लीचा आहे. महापालिकेचं पाणी चार-पाच दिवसांनी येतंय, त्यात सेक्रेटरी ए विंगला राहतो. ए ची टाकी वाहून जाईपर्यंत बी ला थेंब नाही. किल्ली मागितली तर म्हणतो, "मी पदाधिकारी आहे." मुदत कधीच संपलीय त्याची!

माजी_खजिनदार_होटगीरोड
आणि उन्हाळ्यात टँकर कोण आणतं? आमच्या त्याच "बेकायदा" कमिटीनं रात्री दोन वाजता टँकर उतरवून घेतलेत. तेव्हा कायदा शिकवणारे सगळे झोपलेले.

विजापूररोड_बी_विंग
टँकर आणला म्हणजे उपकार केले का? पैसे आमचेच. पावती मागितली तर महिनाभर फिरवलं. शेवटी हातानं लिहिलेला कागद दिला, त्यावर गाडी नंबर नाही, तारीख नाही. उजनी, टाकळी, हिप्परगा, तिन्हीकडून पाणी येणारं हे शहर, आणि आम्ही बादल्या मोजालाव.

गृहिणी_अक्कलकोटरोड
बादल्या आम्ही बायका मोजतो, भाऊ. पाणी येणार त्या दिवशी मी माहेरच्या लग्नाला जाऊ शकले नाही. उजनीहून येणाऱ्या समांतर जलवाहिनीचं ऐकत ऐकत पोरं मोठी झाली. कमिटीत आमच्याकडं एक बाई नाही. महिला राखीव जागा कागदावर भरतात, सही नवऱ्याची. पाण्याची वेळ कळणारं माणूस कमिटीत बसवा, निम्मी भांडणं मिटतील.

आसराचौक_77
बोअर मारा. आम्ही मारलं, प्रश्न सुटला.

विजापूररोड_बी_विंग
तुमच्या बोअरमुळं शेजारच्या दोन बिल्डिंगी कोरड्या पडल्या असतील, ते विचारलं का कुणाला? आणि खारं पाणी पिऊन दाखवा आधी.

आसराचौक_77
तोंड सांभाळून बोला. तुम्ही माझी बिल्डिंग पाहिलीय का?

नवा_सदस्य_बाळे
मूळ विषयावर एक शंका. आमच्याकडे एका सदस्यानं राजीनामा दिला आणि मधेच त्या जागी मला घेतलं. कमिटीची मुदत पुढच्या वर्षी संपतेय. मी म्हणतो, मी उशिरा आलो, माझी पाच वर्षं माझ्या तारखेपासून धरा.

वकील_सातरस्ता
नाही. तुम्ही रिकाम्या जागेवर आलात, त्या जागेचा उरलेला काळच तुमचा. कमिटी संपली की तुम्हीही संपलात. पुढची पाच वर्षं हवी असतील तर अर्ज भरा आणि निवडून या.

माजी_खजिनदार_होटगीरोड
ठीक आहे. पाच वर्षं निवडणुकीपासून, मान्य. ठेका द्यायला नको होता, तेही मान्य. पण जबाबदारी घ्यायला कुणी पुढं येत नाही हे तुम्ही कुणीच मान्य करत नाही, त्याचं काय? आमच्या सभेला कोरम भरत नाही. अर्ध्या तासानं तहकूब सभा घ्यायची आणि आठ टाळक्यांनी हिशेब मंजूर करायचा, हे दर सप्टेंबरचं आहे. फ्लॅटमालक पुण्यात, भाडेकरू इथं.

जुळे_सोलापूरकर
हे मात्र खरं आहे, आमच्याकडंही तेच. तरीपण उपाय मुदत ताणण्यात नाही. आमच्या नऊ जणांच्या सह्यांचा अर्ज उपनिबंधकांकडं दिलाय, पोचपावती घेतलीय. वॉटरप्रूफिंगच्या ठेक्याची प्रत मागितलीय, ती चेअरमननं अजून दिलेली नाही. त्यांनी इथं येऊन लिहावं, मी उत्तर देईन.

विजापूररोड_बी_विंग
आणि व्हॉल्व्हच्या किल्लीचं?

गृहिणी_अक्कलकोटरोड
किल्ली वॉचमनकडं द्या आणि पाण्याची वेळ जिन्यात बोर्डावर लिहा. याला निवडणूक लागत नाही.