मदत हवी आहे: पहिली पूर्ण मॅरेथॉन, १६ किमीनंतर पोट ढवळतं, आणि देणगीचे पैसे कसे घ्यावेत?

नमस्कार. मी गोव्यात रायबंदरला राहते, वय ४३. गेल्या वर्षी अर्ध मॅरेथॉन पुरी केली, आता जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला पूर्ण ४२.१९५ किमीसाठी नाव घातलंय. हातात चौदा आठवडे आहेत.

धावायचं का ठरवलं ते आधी सांगते. माझ्या बाबांचं डायलिसिस साडेतीन वर्षं चाललं. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. आमच्याकडे गाडी होती. शेजारच्या खाटेवरचे काका मात्र सत्तरी तालुक्यातून दोन बसगाड्या बदलून यायचे आणि परतताना सुई काढलेल्या जागी पट्टी दाबून धरत उभ्यानं प्रवास करायचे. एका पावसाळ्यात त्यांच्या लागोपाठ दोन पाळ्या चुकल्या. अंगात पाणी साठलं, धाप लागली, दाखल करावं लागलं. औषधापाण्याचं ते कसंबसं जमवत होते, येण्याजाण्याचंच जमत नव्हतं. अशा रुग्णांना घरून नेऊन परत सोडणाऱ्या एका संस्थेसाठी मला दीड लाख रुपये जमवायचेत.

सध्या आठवड्यातून चार दिवस मिळून ३५ किमी होतात. रविवारी लांब पल्ला: घरून पाटोवरून (रायबंदर-पणजी जोडणारा बांधरस्ता) पणजी, कांपाल, मिरामार, दोनापावल आणि परत. पाटोवर चढउतार नाही, एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं. पहाटे तिथे धावताना मन शांत होतं. साडेचारला निघते. अंधार आणि कुत्रे, म्हणून नवरा स्कूटरवरून सोबत येतो.

गेल्या रविवारी परतीला कांपालच्या बागेशी पोचले, म्हणजे साधारण १६ किमी झाले, आणि पोट ढवळायला लागलं. जेल (धावताना ताकदीसाठी घ्यायचा गोड घट्ट रस) घेतलं तर उलटीच येईल असं वाटलं. तिथेच बसून राहिले. ऑक्टोबरची हवा इतकी दमट की बुटांतून पाणी निघत होतं. घरी वजन केलं तर ५८ किलोचं पावणेदोन किलोंनी कमी! निघताना चहा आणि दोन केळी, वाटेत नुसतं पाणी, एवढंच घेतलं होतं. सासूबाई म्हणतात, उकड्या तांदळाची पेज मीठ घालून पिऊन जा, शेतातली माणसं त्यावर दुपारपर्यंत राबायची. मला ते पटतंय, पण किती आधी प्यायची? पातळ की दाट? पेजेवर धावणारं इथे कोणी आहे का?

मुंबईच्या मार्गावर पेडर रोडचा चढ अगदी शेवटच्या टप्प्यात येतो म्हणतात. पणजीतल्या आल्तिनो टेकडीचा चढ आठवड्यातून एकदा केला तर पुरेल का?

आता पैशांचं. ओळखीच्यांनी ३८,००० रुपये माझ्याच बँक खात्यात टाकलेत. हे चुकलं का? दुबईतला भाऊ (पासपोर्ट भारतीयच) पाठवणार आहे. इंग्लंडमधली मैत्रीणही मोठी रक्कम देते म्हणतेय, तिचा पासपोर्ट पोर्तुगीज आहे.

प्रतिसाद

ताई, मी म्हापशाला हिशेबनिशीचं काम करतो, दोन मॅरेथॉन धावलोय. आधी पैशांचं बोलतो, ते जास्त नाजूक आहे. यापुढे सगळ्यांना संस्थेच्याच खात्यात भरायला सांगा. ८०जीची (देणगीवर आयकरात सवलत देणारं कलम) पावती देणाऱ्याच्या नावे निघाली पाहिजे. रोख २,००० च्या वर दिली तर सवलत नाही, आणि ती सवलत जुन्या करप्रणालीतच आहे. तुमच्याकडे आलेले पैसे नावांच्या यादीसकट लगेच वळते करा. भावाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवले तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. मैत्रिणीची मात्र धरतात, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असलं तरी. ती घेता येते ती संस्थेची एफसीआरए (विदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी असेल तरच, आणि तेही स्टेट बँकेच्या दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यात. तुमच्या खात्यात तर अजिबात नको. गोव्यात घरोघरी पोर्तुगीज पासपोर्ट आहेत, म्हणून मुद्दाम सांगतोय.

पेज मी पितो. दोन तास आधी, पातळ, मीठ घालून. वाटेत ओआरएसचे घोट घ्या, पण तहानेपेक्षा जास्त पाणी ढोसू नका, रक्तातलं मीठ उतरतं. जेल नुसत्या पाण्याबरोबर घ्या, गोड पेयावर नको. रविवारचं अंतर दोन-तीन किमीनेच वाढवा, दर चौथ्या आठवड्याला कमी करा. ३० ते ३२ ची शेवटची धाव स्पर्धेच्या तीन आठवडे आधी. आल्तिनो पुरेल, पण थकल्यावर करा, लांब पल्ल्याच्या शेवटी.

धागाकर्तीकडून

मनापासून आभार, दादा. ३८,००० आज संस्थेकडे गेले, यादीसकट. त्यांची एफसीआरए नोंदणी नाही, तेव्हा मैत्रिणीला नको म्हणून कळवलं. तिला वाईट वाटलं, मलाही. काल अडीचला उठून पेज केली आणि २० किमी झाले, पोट गप्प होतं. आता २२ च्या पुढे जायचंय. रविवारी पहाटे मिरामार ते दोनापावल कोणी बायका धावत असतील तर कळवा, मला परतीच्या वाटेवर सोबत हवी आहे.