मदत हवी आहे : 'मोबी डिक'मधलं चाऊडर फोटोत मळकट दिसतंय

कादंबऱ्यांतली जेवणं वाचून तशीच रांधायची आणि त्यांचे फोटो काढायचे, हे मी वर्षभर मनापासून करतेय. नियम एकच, पुस्तकात नाही ते ताटात नाही. 'हायडी'तल्या आजोबांचं चीज छान जमलं. लांब लोखंडी काट्याला लावून विस्तवावर सगळीकडून सोनेरी होईपर्यंत फिरवलं, उजेडही विस्तवाचाच.

आता 'मोबी डिक'च्या (१८५१) १५व्या प्रकरणावर अडलेय. अमेरिकेतल्या नॅन्टकेट बेटावरच्या खाणावळीत थंडीच्या रात्री कथा सांगणारा इश्माएल आणि त्याचा सोबती क्वीक्वेग पोचतात. मालकीणबाई विचारतात, तिसऱ्या (शिंपल्या) की कॉड मासा? दोघांत मिळून एकच गार तिसरी वाट्याला येणार अशी इश्माएलला धास्ती, आणि समोर येतं ते वाफाळतं चाऊडर, म्हणजे दाटसर रस्सा! हेझलनटहून जेमतेम मोठ्या रसदार तिसऱ्या, कुटलेली जहाजी बिस्किटं, खारवलेल्या डुकराच्या मांसाचे पातळ तुकडे, बटर, भरपूर मिरी आणि मीठ. बस्स. बटाटा नाही, दूधही नाही. (दूध त्या प्रकरणात वेगळं येतं, आणि त्यालाही माशाची चव, कारण तिथली गाय मासळीचे उरलेसुरले तुकडे खाते. मला हा तपशील फार आवडतो.)

चव उत्तम आली. फोटोत मात्र बिस्किटांच्या भुकटीने रस्सा भुरकट, तिसऱ्या तळाशी, वर थिजलेल्या चरबीचा पापुद्रा, आणि मेणबत्तीच्या उजेडात सगळं एकाच रंगाचं. घरच्यांनी हिरवा पाला भुरभुरायला सांगितला. फोटो सुधारला, पण ठेवला नाही.

शिवाय कोनाचा प्रश्न आहेच. त्या दोघांना नुकतंच कुणीतरी जेवून गेलेल्या टेबलावर बसवतात, म्हणजे उष्टी भांडी दिसायला हवीत. त्यासाठी वरून फोटो घेतला की वाफ जाते. आणि वाफच नसेल तर गारठ्यातून आत आल्याचं सुख दिसणार कसं? मला तेच हवंय. साधा डीएसएलआर, ५० मिमी लेन्स आणि ट्रायपॉड आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद : वाडगा पांढरा आहे का? असेल तर गडद घ्या, पांढऱ्यात असा रस्सा मळकाच दिसतो. तळाशी छोटी वाटी पालथी घालून तिसऱ्या तिच्यावर रचा. कॅमेरा आधी लावून ठेवा आणि उकळता रस्सा अगदी शेवटी ओता, चरबी थिजायच्या आत फोटो होतो. ऑटो व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग आपोआप जुळवणं) बंद करा. मेणबत्तीचा उजेड साधारण १९०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप) असतो, कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ३००० वर ठेवून पाहा. ऊब राहील, पण सगळं नारिंगी होणार नाही. वाफेसाठी उजेड मागून आणि पार्श्वभूमी काळोखी हवी. कोन ४५ अंशांचा घ्या, उष्टी भांडी वाडग्याच्या बाजूला आणि थोडी मागे.

धागाकर्ती : वाडगा पांढराच होता! पालथी वाटी दिसणार नाही, आणि खायच्या पदार्थात काही वाढतही नाही, तेव्हा नियमात बसतं. रविवारी पुन्हा शिजवते आणि फोटो इथेच टाकते. मनापासून आभार.