अनुभव धागा: पदक न मिळालेले स्काऊटमास्तर, गाईड कॅप्टन आणि बाकीची मंडळी

धागाकर्ती (गाईड कॅप्टन, दादर)

नमस्कार मंडळी. २२ फेब्रुवारी जवळ आला. आपल्यातल्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: स्काऊट चळवळ सुरू करणारे बेडन-पॉवेल (१८५७) आणि त्यांच्या पत्नी ओलेव्ह (१८८९), दोघांचाही जन्म याच तारखेचा, म्हणून हा आपला चिंतन दिन. त्या दिवशी आमच्या भागातल्या पथकांच्या वर्षभराच्या बातम्या एका पानावर छापून वाटायची पद्धत आहे. यंदा ते पान माझ्या गळ्यात पडलंय.

जुनी पानं चाळली. सगळीकडे एकच साचा. अमुक शाळेच्या इतक्या मुलांना राज्य पुरस्कार, तमुक मुलीला राष्ट्रपती पुरस्कार, प्रमाणपत्रं मान्यवरांच्या हस्ते, खाली मान्यवरांचा फोटो. मुलांचं कौतुक व्हायलाच हवं, वाद नाही. पण त्यांच्याकडून चाचणी शिबिराच्या आधी महिनाभर लॅशिंग, म्हणजे दोराने बांबू बांधणं, घोटवून घेणारं कुणीतरी असतं ना? शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर घरी न जाता मैदानात उभं राहणारं? त्या माणसाचा त्या पानांवर मागमूसही नाही.

तर लिहा. मुंबईतल्या कुठल्याही पथकातलं, कुठल्याही काळातलं. फक्त माणसांची आणि शाळांची नावं टाळा. आणि 'त्यांनी आम्हाला घडवलं' छाप वाक्यं नकोत बरं का, नेमकं काय केलं ते सांगा.

शिवाजीपार्कवाला

मग सुरुवात मीच करतो. आमची खाकी वर्दीची पिढी. २६ जानेवारीचं राज्याचं संचलन शिवाजी पार्कवर, त्यात स्काऊटची तुकडी असायची आणि तीत आमच्या शाळेची मुलं. आदल्या आठवड्यात सराव, पहाटेच्या काळोखात. पार्काच्या कडेच्या स्काऊट पॅव्हेलियनपाशी जमायचं.

आमचे सर चित्रकलेचे. कवायत त्यांना फारशी जमायची नाही, ते काम पीटीच्या सरांचं. यांच्या हातात कापडी पिशवी असायची. तिच्यात सुईदोरा, जास्तीचे वॉगल (स्कार्फ गळ्याशी अडकवायची कडी), दोन-तीन इस्त्री केलेले स्कार्फ, बुटांच्या नाड्या, चेरी ब्लॉसमची डबी आणि पार्ले-जीचे पुडे. पोरगं आलं की वरून खालपर्यंत बघायचे आणि न बोलता पिशवीत हात घालायचे. लालबागच्या चाळीतला एक मुलगा होता, त्याच्याकडे काळे बूट नव्हते. सरांनी स्वतःच्या मुलाचे आणले. ते मोठे होत होते, तर पुढे वर्तमानपत्राचे बोळे कोंबून दिले. संचलनात राज्यपालांना सलामी देताना तो मुलगा पहिल्या रांगेत होता. पेपरात तुकडीचा फोटो आला. सर कुठे असणार? पिशवी घेऊन दोरीच्या पलीकडे.

मुलुंडची फ्लॉक लीडर

मी कधी गाईड नव्हते. लेकीला बुलबुलमध्ये, म्हणजे गाईडच्या आधीच्या लहान मुलींच्या गटात घातलं ते तिला तो निळा फ्रॉक आवडला म्हणून. पहिल्या वर्षी शाळेत खरी कमाईचा दिवस होता. मुलांनी छोटी कामं करायची किंवा स्टॉल लावायचा आणि स्वतःच्या मेहनतीचे पैसे मिळवायचे, इतकी साधी गोष्ट. प्रत्यक्षात काय, तर निम्म्या आयांनी घरून इडल्या करून पाठवल्या आणि मुलांनी फक्त गल्ला सांभाळला.

त्यावेळच्या मॅडमनी पुढच्या वर्षी जाहीर केलं, घरचा पदार्थ चालणार नाही. मुलींनी शाळेतच भेळ कालवायची. कांदा-टोमॅटो कापायला सुरी द्यायची नाही म्हणून सुरीचं तेवढं काम आम्हा आयांचं. बाकी चुरमुरे निवडणं, खजूर-चिंचेचं पाणी, हिशेब, सगळं मुलींनी. एका चिमुरडीने पाच रुपयांच्या भेळेत शेव इतकी घातली की स्टॉल तोट्यात गेला असता. मॅडम अजिबात मध्ये पडल्या नाहीत. संध्याकाळी हिशेबाला बसल्यावर त्या मुलीला एवढंच विचारलं, "शेवेचं पाकीट केवढ्याला आलं गं?" तिने आकडा सांगितला आणि स्वतःच कपाळावर हात मारला. तशी शिकवण मी कुठल्याच शिकवणीत पाहिली नाही.

त्या मॅडमची बदली झाली, पथक बंद पडायला आलं आणि मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे बघितलं. पथक चालवणाऱ्यांसाठीचा बेसिक कोर्स केला. आता कोमल पंख, रजत पंख, सुवर्ण पंख, हीरक पंख या बुलबुलच्या पायऱ्या झोपेतही म्हणेन.

शंकेखोर

धागा छान आहे, पण खरं बोलू का? आजकाल मुलं येतात ती दहावीच्या सवलतीच्या गुणांसाठी आणि शिक्षक येतात कारण कामाच्या वाटपात त्यांच्या नावावर आलेलं असतं म्हणून. सेवा वगैरे शब्द मोठे आहेत.

कुर्ला_रोव्हर

@शंकेखोर, मी तर सरळ नोकरीसाठी आलो होतो. रेल्वेत स्काऊट-गाईडचा भरती कोटा असतो आणि त्याला राष्ट्रपती पुरस्कार धरला जातो. मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या संघटना वेगळ्या, आपल्या राज्य संस्थेच्या बरोबरीच्या. आमच्या वस्तीत दोघांना अशी नोकरी लागली होती, तेव्हा आईनेच ढकललं.

पण आता लिहितोय ते आमच्या रोव्हर लीडरबद्दल (रोव्हर म्हणजे स्काऊटच्या पुढचा, मोठ्या मुलांचा गट). ते वर्कशॉपमधले फिटर. महापरिनिर्वाण दिनाला दादर स्टेशनवर आमची ड्युटी लागायची, ५ डिसेंबरच्या रात्रीपासूनच लोंढा सुरू. आम्हाला वाटायचं काम म्हणजे शिट्टी मारणं, जिन्यावर 'पुढे चला, पुढे चला' ओरडणं. लीडरनी आम्हाला पेन्सिली आणि कागदाच्या चिठ्ठ्या दिल्या. विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या म्हाताऱ्या माणसांची चैत्यभूमीच्या गर्दीत हमखास चुकामूक होते. तर स्टेशनबाहेर पडतानाच आजीला थांबवायचं, गावाचं नाव, सोबतच्या कुणाचा तरी मोबाईल नंबर, परतीची गाडी विचारायची आणि चिठ्ठी पदराच्या आतल्या बाजूला सेफ्टी पिनेने टाचायची. आतल्या बाजूला का, तर नंबर कुणाही ऐऱ्यागैऱ्याला दिसू नये. पेन्सिल का, तर घामाने पेनाची शाई उतरते. दुसऱ्या दिवशी हरवलेल्या आजी पोलीस चौकीत पदर उलटा करून दाखवायच्या. दोन मिनिटांत काम.

हे कुठल्या पुस्तकात नाही. त्यांनी एका वर्षी एक रडणारी आजी पाहिली आणि पुढच्या वर्षी पिनांचे डबे घेऊन आले. उन्हाळ्यात लोकमान्य टिळक टर्मिनसला लांबच्या गाड्यांना जलसेवा असते, तिथेही जनरल डब्यापासून सुरुवात करायची हा त्यांचा नियम. एसीवाले खाली उतरून बाटली विकत घेऊ शकतात, म्हणायचे.

पाणी पाजून नोकरी लागली का विचाराल तर हो, लागली. त्याची लाज नाही वाटत.

शंकेखोर

ठीक. पिनेचं पटलं.

निवृत्त स्काऊटमास्तर, परळ

धागाकर्त्या बाईंनी मुद्द्याला हात घातला, म्हणून थोडं लांबण लावतो.

प्रौढांसाठी सन्मान नाहीत असं नाही. दीर्घ सेवा पदक आहे, मेडल ऑफ मेरिट आहे, सिल्व्हर स्टार आहे, सगळ्यात वर सिल्व्हर एलिफंट. बाहेरून मदत करणाऱ्यासाठी थँक्स बॅजसुद्धा आहे. अडचण अशी की यातलं काहीही आपोआप चालत येत नाही. प्रस्ताव लागतो. तो जिल्ह्याकडून राज्याकडे, तिथून दिल्लीला राष्ट्रीय मुख्यालयात. त्यात तुमचं वॉरंट (नेमणुकीचं पत्र), बेसिक-ॲडव्हान्स कोर्सच्या तारखा, हिमालय वुड बॅज हे वरचं प्रशिक्षण झालं असेल तर त्याच्या पार्चमेंटचा, म्हणजे प्रमाणपत्राचा नंबर, दरवर्षीच्या नोंदणीच्या पावत्या. एखाद्या वर्षी शाळेने पथकाची फी भरली नाही की तुम्ही वर्षभर मैदानात उभे असलात तरी कागदावर तुम्ही नव्हतातच.

आणि गंमत अशी की जो मनापासून काम करतो त्याचे कागद नेमके गहाळ असतात. मुलांची लॉगबुकं तो स्वतः तपासतो, प्रावीण्य पदकांच्या तारखा तोंडपाठ, स्वतःचं लॉगबुक विचाराल तर घरी कुठेतरी असेल. माझा एक सहकारी होता. आम्ही दोघे एकत्रच पचमढीला वुड बॅजला गेलो. पिपरियाला उतरून पुढे घाटातून गाडी, अंगात हुडहुडी. गळ्यात दोन मणी घालून परतलो. (असे पहिले मणी दिनुझुलू नावाच्या झुलू राजाच्या माळेतले असं सांगतात, १९१९ साली पहिल्या तुकडीला त्यातलेच वाटले होते. हे सांगितलं की मुलांचे डोळे विस्फारतात.) तर या गृहस्थांनी उभी हयात पथक चालवलं. त्यांचा प्रस्ताव शेवटी एकदा तयार झाला तो एका कार्यालयात टेबलावरच राहिला आणि मुदत टळली. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. कुणी मुद्दाम केलं नाही. पाठपुरावा करणारं कुणी नव्हतं, इतकंच. स्वतःच्या पदकासाठी स्वतः खेटे घालायचे त्यांच्या स्वभावात नव्हतं.

तेव्हा आठवणी लिहा, जरूर लिहा, पण जे अजून कामावर आहेत त्यांचे कागद त्यांच्या पाठीमागे कुणीतरी गोळा करा. माजी विद्यार्थ्यांनी हे करायला काय हरकत आहे? तुम्ही आता वकील, बँकवाले, सरकारी बाबू झालात. फायली तुम्हाला आमच्यापेक्षा बऱ्या कळतात.

शंकेखोर यांना: मुलं गुणांसाठी येतात हे खरं. येऊ देत. तृतीय सोपानापर्यंत, म्हणजे राज्य पुरस्काराच्या आधीच्या पायरीपर्यंत टिकलेलं पोरगं गुण विसरलेलं असतं.

कालिनाकर

२६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर, तो दिवस. मी आठवीत, शाळा दुपारची. चारच्या सुमारास शाळेसमोरच्या रस्त्यावर कमरेएवढं पाणी आणि त्यातून माणसं चालत घरी निघालेली. उघडी गटारं कुठे ते कळत नव्हतं.

आमच्या स्काऊटमास्तरांनी स्टोअरमधून तंबूचे दोर काढले. एक टोक शाळेच्या गेटच्या खांबाला क्लोव्ह हिचच्या गाठीने, वर दोन हाफ हिच. दुसरं टोक स्वतःच्या कमरेला बोलाइनने बांधून ते पाण्यात उतरले, हातात बांबू, पुढचा रस्ता चाचपत समोरच्या सोसायटीच्या जिन्यापर्यंत गेले आणि दोर कठड्याला बांधला. मग त्या दोराला धरून लोक रस्ता ओलांडत होते, काळोख पडेपर्यंत. बोलाइन आम्हाला त्याच महिन्यात शिकवली होती, 'न सरकणारा फास' म्हणून. वर्गात कंटाळवाणी वाटली होती.

आम्ही मुलं रात्रभर शाळेतच. सरांनी शिबिराची पातेली काढून खिचडी केली, तीत हळद नव्हती, पांढरीफटक.

कौतुकाचं विचाराल तर पुढच्या महिन्यात शाळेने स्टॉक रजिस्टर तपासलं आणि दोन दोर कमी का, म्हणून सरांकडे लेखी खुलासा मागितला. सरांनी दिला. 'पावसात वापरले', दोनच शब्द.

शिवाजीपार्कवाला

@कालिनाकर, तो खुलासा फ्रेम करून लावायला हवा होता हो!

माजी गाईड, गिरगाव

थोडक्यात. आमच्या शाळेचे शिपाईकाका. तंबू वाळवून, घडी घालून, डांबराच्या गोळ्या टाकून ठेवणं हे काम त्यांनी आपणहून घेतलेलं. ओला तंबू गुंडाळून आणला तर आमच्यावर खेकसायचे, गाईड कॅप्टनलाही सोडायचे नाहीत. पुढे पुण्याला 'संगम'ला जायचा योग आला, १९६६ पासूनचं गर्ल गाईड्सचं जागतिक केंद्र ते. तिथे परदेशी मुलींसमोर मी तंबूची घडी घातली तेव्हा एकीने विचारलं, कुणी शिकवलं? थँक्स बॅज म्हणून जो वर मास्तरांनी सांगितला तो अशांसाठीच असतो ना? मला आज कळलं. काका आता कोकणात गावी असतात.

निवृत्त स्काऊटमास्तर, परळ

@माजी गाईड, अशांसाठीच. माणूस हयात आहे, पथक चालू आहे, तर शाळेच्या मार्फत विचारून बघा.

धागाकर्ती

काय काय निघतंय! पान एक आहे आणि मजकूर चार पानांचा झालाय. जिल्ह्याकडे विनंती करते. शिपाईकाकांचं मी स्वतः बघते, @माजी गाईड, मला निरोप करा. पिनेची युक्ती आमच्या मुलींना विसर्जनाच्या ड्युटीला शिकवणार आहे, चौपाटीवर निर्माल्य गोळा करताना हरवलेली पोरं रोज सापडतात.

भांडुपची गाईड (अकरावी)

मी बहुतेक इथे सगळ्यांत लहान. राज्य पुरस्कार झालाय. आमच्या कॅप्टन मॅडम गणित शिकवतात, गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तरी चाचणी शिबिराला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून आमची बिनभांड्यांच्या स्वयंपाकाची तयारी करून घेतली. निखाऱ्यातला बटाटा आतून कच्चा राहिला की काठीने टोचून सांगायच्या, "अजून दशांश चिन्हाच्या अलीकडेच आहे हा."

मास्तरांची पोस्ट वाचून मी आणि माझ्या तीन मैत्रिणींनी ठरवलंय, मॅडमच्या मेडल ऑफ मेरिटचे कागद आम्ही गोळा करणार. शाळेच्या क्लार्ककाकांनी नोंदणीच्या पावत्या शोधून दिल्या, मधली दोन वर्षं सापडत नाहीत. ॲडव्हान्स कोर्सचं प्रमाणपत्र मॅडमच्या घरी आहे. त्यांच्या मिस्टरांना विश्वासात घेतलंय, ते आईस्क्रीमच्या बोलीवर फोटो काढून पाठवणार आहेत. फक्त बेसिक कोर्स कुठल्या साली केला ते मिस्टरांना आठवत नाही, लग्नाआधीचं आहे म्हणाले. मॅडमबरोबर तेव्हा कोर्सला असलेलं कुणी इथे असेल तर प्लीज मला वेगळा निरोप करा, इथे लिहू नका. मॅडम हा धागा वाचतात.