भीतीपुढची पायरी
जनहितार्थ जाहिरातींत धक्कादायक दृश्ये दाखवल्याशिवाय लोक सवयी बदलत नाहीत, या मताशी मी पूर्णपणे सहमत नाही. भीतीने लक्ष वेधले जाते हे खरे. पण पुढे नेमके काय करायचे हे सांगितले नाही, तर ती भीती तिथेच विरून जाते. मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड लेव्हेंथल व सहकाऱ्यांनी धनुर्वाताच्या लसीसंबंधी केलेला, १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहावा. धनुर्वाताची भीती घालणारी नुसती पत्रके वाचलेल्या विद्यार्थ्यांपैकी जेमतेम ३ टक्क्यांनी लस घेतली. ज्यांना पत्रकासोबत आरोग्यकेंद्राचा नकाशा देऊन आपल्या आठवड्यात जायची वेळ ठरवायला सांगितले, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांवर गेले.

‘असंख्य लोक नियम मोडतात’ असे कळवळून सांगणे तर मला अधिक घातक वाटते. अ‍ॅरिझोनातील अश्मीभूत (दगड बनलेल्या) लाकडाच्या राष्ट्रीय उद्यानात मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनी अशा मजकुराच्या फलकाची चाचणी घेतली, तेव्हा ‘कृपया लाकूड उचलू नका’ एवढेच सांगणाऱ्या फलकापेक्षा त्याजवळ चोरी अधिक झाली. कारण इतके जण उचलतात म्हणजे त्यात वावगे काही नाही, असाच अर्थ वाचणाऱ्याच्या मनात उतरतो. म्हणूनच हेल्मेटच्या जाहिरातीत ते टाळणाऱ्यांची संख्या नव्हे, तर वापरणारे चेहरे दिसायला हवेत.