अनुभव धागा: ड्राइव्हवे नवा करण्याआधी तुम्ही काय काय तपासलंत?

फाटकापासून गॅरेजपर्यंतची वाट नवी करायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: काँक्रीट, डांबर की पेव्हर ब्लॉक? माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. आहे त्या वाटेला नेमकं काय झालंय हेच माहीत नसेल, तर वर काहीही घातलं तरी जुनं दुखणं पुन्हा डोकं वर काढतं. म्हणून हा धागा. कंत्राटदाराला बोलवायच्या आधी तुम्ही स्वतः काय बघितलंत, कसं बघितलंत आणि त्यामुळे बेत बदलला का, ते लिहा. कंत्राटदारांच्या तक्रारी इथे नकोत, त्यांच्यासाठी वेगळा धागा काढू (तो याच्यापेक्षा जोरात चालेल, खात्री आहे).

मीच सुरुवात करते. आमच्याकडे काँक्रीट जुनं आणि डागाळलेलं होतं, आणि घरात सगळ्यांचं लक्ष रंग आणि डिझाइनवर. मी मात्र पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने बाहेर जाऊन जिथे जिथे पाणी साचलं होतं त्या डबक्यांच्या कडेने खडू ओढला. सगळं वाळल्यावर जे चित्र दिसलं, त्यात डबकी रस्त्याच्या बाजूला नव्हतीच, घराच्या भिंतीला चिकटून होती. मग पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढली. भिंतीपासून चार मीटरवर फरशी ४ ते ८ सेंटिमीटर खाली असायला हवी, म्हणजे मीटरला १ ते २ सेंटिमीटर ढाळ. आमची तिथे उलट थोडी वर होती. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. आमची वाट साधारण ६० चौरस मीटर. २५ मिलिमीटरची एक सर आली की १५०० लिटर पाणी, आणि त्यातलं बरंचसं पायाकडे! आतल्या खोलीच्या भिंतीला ओल का येते याचा शोध आम्ही नळांच्या जोडांत घेत होतो. शेवटी कामातला मोठा भाग ढाळ बदलण्यात आणि गॅरेजच्या दारापुढे जाळीची नाली करण्यात गेला. रंगाची चर्चा आपोआप मागे पडली.

* * *

चांगला धागा. मी साइटवरच काम करतो, तेव्हा भेगांबद्दल लिहितो. लोक भेग दिसली की घाबरतात किंवा अजिबात बघत नाहीत. दोन्ही नको.

काँक्रीटला केसाएवढी भेग पडणं स्वाभाविक आहे, ते वाळताना आकसतं. ती कुठे पडावी हे आपण ठरवावं म्हणून ग्रूव्ह कापतात. १०० मिलिमीटर जाडीच्या स्लॅबला अडीच-तीन मीटरवर असा कापलेला जॉइंट लागतो आणि त्याची खोली जाडीच्या निदान पाव भाग हवी. जॉइंटच नसतील किंवा नुसते वरवर ओरखडल्यासारखे असतील, तर आडव्यातिडव्या भेगा त्यामुळेच आहेत. दिसायला वाईट, पण बहुतेक वेळा भरून चालतं.

भेगेच्या दोन बाजू एका पातळीत आहेत का, हे खरं बघायचं. हाताचा तळवा भेगेवरून आडवा फिरवा. एक बाजू खाली गेलेली लागली, तर खालचा भराव बसलाय. तिथे भेग भरून काही होणार नाही. दुसरं, भेगेवर पेन्सिलने आडव्या रेघा मारून रुंदी आणि तारीख लिहून ठेवा आणि एक पावसाळी व एक कोरडा ऋतू जाऊ द्या. रुंदी वाढत असेल तर खाली हालचाल चालू आहे. घाई नसेल त्यांनी हे जरूर करावं, याला काही खर्च नाही.

डांबराच्या वाटेवर मगरीच्या पाठीसारखी जाळीदार भेग दिसली, तर पाया गेलाय असंच समजा. त्यावर काळं सीलकोट मारलं की काही महिने छान दिसतं, बस. सीलकोट ऊन-पाण्यापासून राखतं, वजन पेलत नाही. आणि गाडी जिथे उभी राहते तिथे डांबर मऊ पडून खड्डा झाला असेल, तर आधी गाडीखाली वाका. गळणारं तेल किंवा पेट्रोल डांबर विरघळवतं. काँक्रीटला त्याने डाग पडतो, पण ते मऊ होत नाही.

शेवटची तपासणी: हातोडीने ठोकत चला. भरीव जागी टणक आवाज येतो, पोकळ जागी बद्द. बद्द आवाजाच्या जागेभोवती खडूने गोल काढा.

* * *

वरच्या प्रतिसादातला हातोडीचा उपाय आम्ही करून बघितला होता, अगदी कामाचा. सगळी वाट उखडायची तयारी होती, पण पोकळ आवाज फक्त एका कोपऱ्यात आला. नेमका तिथेच छतावरचा पन्हाळीचा पाइप मोकळा सोडलेला. पाणी कडेने आत शिरून खालची बारीक माती धुऊन नेत होतं. पाइप लांबवून पाणी बागेच्या उताराला सोडलं, त्या कोपऱ्यातला तुकडा काढून मुरूम-खडी घालून धुम्मस केला आणि नव्याने ओतलं. बाकी वाट जशीच्या तशी आहे. नवा तुकडा जरा उजळ दिसतो, तेवढं चालतं.

* * *

आमचा घोळ चढाचा. रस्ता वर, गॅरेज खाली. गाडी आत घेताना मधेच खालून खर्रकन आवाज यायचा. जमिनीवर बघितलं तर उतार जिथे सुरू होतो त्या उंचवट्यावर पांढरे ओरखडे, एकाखाली एक. म्हणजे आमचीच नाही, येणाऱ्या सगळ्यांचीच गाडी घासत होती.

हे गणित सोपं आहे आणि कुणी सांगत नाही. सपाट भाग आणि उतार जिथे मिळतात तो कंगोरा पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध आला की गाडीच्या पोटाखालची जागा किती कमी होते? चाकांमधलं अंतर गुणिले उतारातला फरक, भागिले ४. चाकांमध्ये २.६ मीटर आणि उतार एकदम २० टक्के असेल तर १३ सेंटिमीटर गेले. माणसं आणि सामान भरलेल्या छोट्या गाडीखाली त्याहून फारसं काही उरतच नाही. उपाय असा की उतार एकदम सुरू न करता वर आणि खाली निम्म्या उताराचा टप्पा द्यायचा. त्याला लांबी लागते आणि मधला भाग थोडा जास्त तीव्र होतो, म्हणून आधी मोजा. आमच्याकडे जागा होती, जमलं. जागा नसेल तर नवा पृष्ठभाग घालून घासणं थांबणार नाही, हे लक्षात असू द्या.

* * *

एक मुद्दा कुणीच लिहिला नाही: या वाटेवरून गाडीपेक्षा जास्त माणसं चालतात. आईला वॉकर लागल्यावर मी वाटेकडे पहिल्यांदा नीट बघितलं. गाडी उभी असताना बाजूने जायला दोन वीत जागा, आणि तीही कुंड्यांनी खाल्लेली. गाडी ३ मीटर रुंदीत मावते, पण दार पूर्ण उघडून माणसाला उतरवायचं असेल तर कमी पडते. चाकाच्या खुर्चीसाठी ९० सेंटिमीटर मोकळी पट्टी लागते. आम्ही नवं काही घालायच्या आधी सुतळी आणि खुंट्या लावून रुंदी आखली, गाडी उभी केली, चारी दारं उघडली आणि आईला वॉकर घेऊन चालायला लावलं. ती म्हणाली, "अगं, इथे वळताना माझं चाक गवतात जाईल." तेवढा कोपरा वाढवला.

गुळगुळीत फिनिश तेव्हाच रद्द झालं. ओल्यात घसरतं. खराट्याचं फिनिश (ओल्या काँक्रीटवर खराटा ओढून खरखरीत केलेलं) घेतलं.

* * *

झाडाचं लिहितो. मुळांनी पेव्हर वर उचलले होते. सगळे म्हणत होते, मूळ तोडा आणि ब्लॉक परत बसवा. पण जाड मुळं तोडली तर झाडाचा आधार जातो, आणि ते झाड घराकडे झुकलेलं. झाडांच्या जाणकाराला दाखवलं. शेवटी वाटच थोडी वळवली आणि झाडाभोवती मोकळी माती ठेवली. वळणामुळे गाडी काढायला जरा जास्त वेळ लागतो. तक्रार नाही.

* * *

प्रश्न आहे. जुनं काँक्रीट फारसं फुटलेलं नाही, फक्त कुरूप झालंय. त्यावरच पेव्हर बसवले तर चालतील का? उखडायचा त्रास वाचेल.

* * *

भेगांबद्दल लिहिलेला मीच. चालतील का, हे उंचीवर अवलंबून आहे. गाड्यांसाठी पेव्हर निदान ६० मिलिमीटरचे, जड वाहन येणार असेल तर ८०चे. खाली ३० मिलिमीटरच्या आसपास ग्रिट (बारीक खडी) किंवा वाळू. म्हणजे वाट ९ ते ११ सेंटिमीटर वर येणार. आता चार जागी मोजपट्टी लावा: गॅरेजचा उंबरा, घराच्या भिंतीतला ओलरोधक थर (त्याच्या खाली निदान १५० मिलिमीटर अंतर राहायला हवं), चेंबरची झाकणं आणि फाटकाची खालची कड. यातलं एकही बसत नसेल तर वर चढवू नका. शिवाय ग्रिटमधून झिरपलेलं पाणी खालच्या स्लॅबवर अडकतं, त्याला बाहेर पडायला वाट ठेवावी लागते. आणि कडेला पक्का कर्ब हवाच, नाहीतर ब्लॉक हळूहळू बाहेर सरकतात आणि सांधे उघडतात.

* * *

मोजलं. उंबऱ्यापाशी जेमतेम चार सेंटिमीटर आहेत आणि फाटक आत उघडतं. विषय संपला, धन्यवाद. 😄

* * *

जमिनीखाली काय आहे ते विसरू नका. आम्ही जुने नकाशे काढले, चेंबरची झाकणं उघडून सांडपाण्याची लाइन कुठून जाते ते बघितलं, पाण्याची आणि विजेची लाइन ज्या त्या खात्याकडून आखून घेतली. ड्रेनेजचा पाइप बरोबर वाटेच्या मधून आणि फार उथळ जात होता. तो आधी बदलला, नाहीतर नवं काँक्रीट कधीतरी फोडायची वेळ आली असती. उघडं आहे तोवर दोन रिकामे पाइपही आडवे टाकून ठेवले, आत ओढायला दोरी घालून. गेटची मोटर, दिवे, पुढेमागे विजेच्या गाडीचा चार्जर, जे लागेल ते. दोन्ही टोकं बूच लावून बंद करा आणि भिंतीवर खूण करा. खूण नसलेला पाइप पुढे कुणालाच सापडत नाही.

रस्त्याला लागून असलेला शेवटचा पट्टा तुमचा आहे की सार्वजनिक, हेही विचारून घ्या. तिथली पातळी बदलायला बहुतेक ठिकाणी परवानगी लागते.

* * *

मी वेगळ्याच टोकाचा. सगळं तपासलं आणि काहीच नवं केलं नाही. ढाळ ठीक, ठोकून आवाज भरीव, गाडी घासत नाही. पेव्हरच्या सांध्यांतलं गवत काढलं, धुतलं, वाळू पुन्हा झाडून भरली, खचलेले ब्लॉक उचलून खाली ग्रिट घालून पातळीत आणले. पेव्हरचा हाच फायदा, तेच ब्लॉक परत बसतात. धुताना दाबाचं मशिन सांध्यांवर सरळ धरू नका, वाळू उडून जाते.

* * *

सगळ्यांचे आभार. एक भर: जाळीची नाली केलीत तर तिचं पाणी जातं कुठे, हे कंत्राटदाराकडून कागदावर काढून घ्या. आमच्या पहिल्या आराखड्यात नाली होती, पण तिला पुढचा पाइपच दाखवलेला नव्हता. आणि जाळी उचलता येईल अशी घ्या, गाळ काढावाच लागतो. शोषखड्डा कुणी केला असेल तर त्याने माती कशी तपासली ते लिहावं. आमच्या शेजाऱ्यांना करायचा आहे आणि त्यांची जमीन चिकणमातीची आहे.