मदत हवी आहे: वेष्टित रबरी काँक्रीटसाठी कोणते समीकरण वापरावे?

जुन्या टायरांचा चुरा वाळू व खडीच्या काही भागाऐवजी घालून केलेल्या काँक्रीटच्या दंडगोल नमुन्यांना कार्बन तंतूंचे वेष्टन देऊन मी दाबचाचणी करणार आहे. रबरामुळे दाबसामर्थ्य आणि प्रत्यास्थता गुणांक (ताठरपणाचे माप) दोन्ही घटतात. परंतु असे काँक्रीट भाराखाली आडवे अधिक फुगत असल्याने वेष्टन लवकर ताणले जाऊन काँक्रीटला आवळते, आणि माझ्या मते खरा लाभ इथेच आहे, कारण भूकंपात स्तंभाला सामर्थ्याइतकीच तन्यताही (न तुटता विरूपित होण्याची क्षमता) लागते. वेष्टित काँक्रीटचे वर्तन समीकरणांत मांडणारे मँडर व सहकाऱ्यांचे १९८८ चे प्रारूप (मॉडेल) पोलादी रिंगांसाठी आहे. लॅम आणि टेंग यांचे २००३ चे प्रारूप तंतुवेष्टनासाठी असले तरी तेही नेहमीच्या काँक्रीटवरच बेतलेले आहे. या फुगवट्याचा हिशेब धरणारे समीकरण कोणी वापरले आहे का? शिवाय स्ट्रेन गेज (विकृती मोजणारे संवेदक) वेष्टनाच्या जोडापासून किती दूर लावावेत, हेही कृपया सांगावे.