नजर गेल्यावरही बाबांना गल्ल्यावर बसायचंय, नोटा-नाणी ओळखायला काय शिकवू?

महालची_पोर
नमस्कार मंडळी, थोडं लांब लिहून राहिली पण वाचा प्लीज. बाबा ६७ वर्षांचे, काचबिंदूनं उजवा डोळा आधीच गेला होता, डाव्यानं आता फक्त उजेड-अंधार कळतो. नागपुरात महाल भागात आमचं छोटं किराणा दुकान आहे, चाळीस वर्षं गल्ला त्यांच्याच हातात. आता दुकान दादा पाहतो, पण संध्याकाळी सहा ते आठ बाबाच बसतात, ते दोन तास त्यांचे. मागच्या आठवड्यात कोणीतरी शंभराची नोट पाचशेची म्हणून दिली अन बाबांनी वरचे पैसे मोजून परत पण केले. रात्री हिशोब जुळेना तेव्हा कळलं. चारशे रुपयांचं काही नाही हो, पण दुसऱ्या दिवशी सहा वाजले तरी बाबा खुर्चीतून उठलेच नाही, "त्यालाच बसू दे आता" म्हणे. मला ते पाहवलं नाही. अ‍ॅप, पट्टी, क्लास, जे काय असेल ते सांगा. नोटांवर अंधांसाठी खुणा असतात म्हणतात, त्या खरंच बोटाला कळतात का? मी डोळे मिटून पाहिलं, मला तं काहीच कळलं नाही.

गोकुळपेठ_७७
ताई, क्यूआर लावा अन पैसे आले की बोलणारा स्पीकर ठेवा. आमच्या इथं भाजीवाल्याकडे पण आहे.

महालची_पोर
आहे भाऊ, दोन वर्षांपासून आहे. पण आमच्याकडे दहाचा चहापुडा, पाचची काडेपेटी घ्यायला येतात, शाळेतली पोरं, शेजारच्या आज्या, सगळे रोखच देतात. अन स्पीकर आलेले पैसे सांगतो, परत काय द्यायचं ते बाबांच्या हातालाच कळायला पाहिजे नं.

सहा_ठिपके
ताई, मी जन्मापासून अंध आहे, हे फोनच्या स्क्रीन रीडरवर (स्क्रीनवरचं बोलून सांगतो तो) लिहून राहिलो, कुठं काना-मात्रा चुकली तर समजून घ्या. रोज 'आपली बस' म्हणजे सिटी बस आणि मेट्रोनं नोकरीला जातो, पैशाचा व्यवहार स्वतःच करतो, म्हणून अनुभवाचंच सांगतो.

खुणा आहेत, खोटं नाही. शंभराच्या नोटेवर समोरच्या बाजूला उजवीकडे उठावाचा त्रिकोण, दोनशेवर इंग्रजी एच अक्षरासारखी खूण, पाचशेवर गोल. शिवाय दोन्ही काठांवर तिरप्या उठावाच्या रेषा असतात, शंभरला चार, दोनशेला चार पण मध्ये दोन बारके गोल, पाचशेला पाच. कोऱ्या नोटेवर अंगठ्याचं नख हळूच काठावरून ओढा, खरखर लागते. पण नोट दहा हातांतून फिरली, घामाच्या खिशातून आली की उठाव दबून जातो, मग मला पण त्रिकोण की गोल ते सांगता येत नाही. तुम्हाला कळलं नाही यात तुमचं काही चुकलं नाही. अन दहा, वीस, पन्नासच्या नव्या नोटांवर तर अशी उठावाची खूणच नाही, गल्ल्यात त्याच जास्त असतात.

म्हणून खरा आधार म्हणजे माप. नव्या नोटांची लांबी मिलिमीटरमध्ये लिहून घ्या: दहा १२३, वीस १२९, पन्नास १३५, शंभर १४२, दोनशे १४६, पाचशे १५०. शंभर-दोनशे-पाचशेमध्ये चार-चार मिलिमीटरचाच फरक, अन तिन्हीची रुंदी सारखीच, ६६. २०१६ च्या आधी जुनी शंभराची नोट १५७ ची होती अन पाचशेची १६७ ची, सरळ एक सेंटीमीटरचा फरक, माझ्या हाताला ते पाठ होतं. नोटबंदीनंतर नवी मालिका आली अन वर्षानुवर्षांची सवय गेली. डोळस लोकांना नवे रंग मिळाले, आमच्या वाट्याला चार मिलिमीटर आले. मला याचा अजून पण राग आहे.

बोटानं चार मिलिमीटर मोजता येतील या भरवशावर राहू नका. पट्टी बनवा. जाड पुठ्ठा घ्या, एका टोकाला आईसकांडीची काडी आडवी चिकटवा म्हणजे नोट तिथं अडते, अन तिथून मोजून वरच्या सहा मापांवर खाचा पाडा. नोट सरळ करून काडीला टेकवायची, दुसरं टोक कोणत्या खाचेत येतं ते अंगठ्यानं पाहायचं, सवय झाली की दोन सेकंद लागतात.

आता सगळ्यात मोठा घोळ, हे नीट वाचा. जुन्या मालिकेच्या दहा, वीस, पन्नास, शंभरच्या नोटा अजून चालतात. जुनी दहाची १३७ ची आहे, म्हणजे नव्या विसापेक्षा लांब अन नव्या पन्नासच्या जवळपास! जुनी वीस अन जुनी पन्नास दोन्ही १४७, नव्या दोनशेला खेटून. नुसती लांबी पाहिली तर बाबा दहाला पन्नास समजतील. म्हणून रुंदी आधी. दहा-वीस नव्या असो की जुन्या, रुंदी ६३. नव्या पन्नासपासून पुढे ६६. जुनी पन्नास अन जुनी शंभर ७३, त्या तर हातात घेतल्या घेतल्या मोठ्या लागतात. पट्टीच्या दुसऱ्या बाजूला या तीन रुंदीच्या खाचा पाडा. आधी रुंदी, मग लांबी, क्रम सोडायचा नाही.

धरमपेठेची_मावशी
सहा_ठिपके, किती नीट सांगितलं तुम्ही, मी माझ्या आईसाठी कॉपी करून ठेवलं. माझ्याकडून अ‍ॅपचं सांगते. रिझर्व्ह बँकेचं मणी नावाचं अ‍ॅप आहे, १ जानेवारी २०२० ला आलं, फुकट आहे, एकदा टाकलं की इंटरनेट लागत नाही. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की किती रुपयांची ते बोलून सांगतं, दुमडलेली असली तरी ओळखतं. पण नोट खरी की खोटी ते सांगत नाही, हे बाबांना आधीच सांगून ठेवा. आई घरी निवांत बसून नोटा लावताना वापरते. दुकानात गिऱ्हाईक उभं असताना फोन काढा, अ‍ॅप उघडा, नोट धरा, मला नाही वाटत जमेल. तिथं पट्टीच बरी.

आईची दुसरी सवय, ती बाहेर निघायच्या आधी नोटा घडी करून ठेवते, दहा सरळ, वीस आडवी अर्धी, पन्नास उभी अर्धी, शंभर चौघडी, पाचशे वेगळ्या कप्प्यात. घडी ज्याची त्यानं ठरवायची, पण मग बदलायची नाही. गल्ल्यात तर कप्पेच असतात, ते सोपं जाईल तुम्हाला.

आठवा_मैल
एक विचारू का, नोटेवर ब्रेलच काहून नाही छापत? प्रश्नच मिटला असता.

सहा_ठिपके
भाऊ, ब्रेलचे ठिपके बारके असतात, नोट चुरगळली की सपाट होतात. अन ताईंचे बाबा साठीनंतर अंध झाले, असे लाखो लोक आहेत ज्यांना ब्रेल कधी शिकवलंच गेलं नाही. कॅनडाच्या नोटांवर उठावाचे ठिपके आहेत पण ते पण ब्रेल अक्षरं नाहीत, ठिपक्यांचे गट मोजायचे असतात. ज्याला काहीच शिकवलं नाही त्याला पण हात लावताच कळलं पाहिजे, त्यासाठी लांबीत ठळक फरक हवा. युरोच्या नोटा तशाच आहेत.

नाणेवेडा_इतवारी
नाण्यांचं कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो, लहानपणापासून नाणी जमवतो. आपल्याकडे आधी आकारावरूनच कळायचं, पाच पैसे चौकोनी, वीस पैसे षटकोनी, दहा पैसे कंगोऱ्याचं. बाबांच्या हाताला ते नक्की आठवत असेल, त्यांना विचारा. नंतर सगळी गोल स्टीलची आली अन गोंधळ झाला. २००७ चं एक रुपयाचं नाणं अन २०११ च्या मालिकेचं दोन रुपयाचं, दोन्ही २५ मिलिमीटर, वजन पण सारखंच! डोळसांची पण फसगत होते.

७ मार्च २०१९ ला जी नवी मालिका आली ती अंध लोकांचा विचार करून केलेली आहे, किंमत वाढली की आकार अन वजन वाढतं. एक रुपया २० मिलिमीटर, दोन २३, पाच २५, दहा २७. वीसचं पण २७ च आहे पण त्याला बारा बाजू आहेत, बोटात फिरवलं की कोपरे लागतात, त्यात चूक होतच नाही. पण जुनी नाणी गल्ल्यात येतच राहणार, म्हणून बाबांना दोन गोष्टी शिकवा. एक, जुना जाडा पाच, त्याच्या कडेला मधोमध खाच असते, नख अडकतं. दोन, २५ मिलिमीटरचं काही हातात आलं तर तळहातावर तोलून पाहायचं, नवा पाच जड लागतो, एक-दोन हलके.

दहाचं नाणं कोणी नाकारलं तर ऐकू नका, सगळ्या डिझाईनची चालतात, रिझर्व्ह बँकेनं जाहीर केलेलं आहे.

महालची_पोर
मंडळी, बारा दिवसांनी लिहून राहिली, सगळ्यांचे मनापासून आभार. पुठ्ठ्याची पट्टी मीच बनवली, स्केल घेऊन दोनदा मोजली. बाबांनी पहिल्या दिवशी हातात घेतली अन बाजूला ठेवली, मला वाटलं झालं. रात्री दादाला म्हणे, "पुठ्ठा ओला होईल, तेलाचे हात लागतील, फळीवर खिळे ठोक." आमच्या गल्ल्याची फळी सागाची, जुनी. दादानं काठाशी लाकडी पट्टी ठोकली, तिथून मोजून प्रत्येक मापावर बुटक्या गोल डोक्याचे पितळी खिळे, शंभरला एक, दोनशेला दोन, पाचशेला तीन, म्हणजे मोजता पण येतात. बाबा नोट फळीवर ठेवतात, तळहातानं इस्त्रीसारखी सपाट करतात, अंगठा खिळ्यावर नेतात अन मोठ्यानं बोलतात, "शंभर दिले बरं का ताई." मोठ्यानं बोलायचं त्यांनी स्वतःच सुरू केलं, समोरच्यानं पण ऐकलं पाहिजे म्हणून. जुनी दहाची नोट दोनदा फसली, तिसऱ्यांदा रुंदी पाहून पकडली. काल सहाला पाच कमी असतानाच जाऊन बसले.

चहापुडा घ्यायला येणारी पोरं आता मुद्दाम डोळे मिटून खिळे मोजून पाहतात.

एकच अडतं. दहा-वीसची लगदा झालेली, कोपरा उडालेली नोट आली की ना लांबी कळते ना काही. तेव्हा काय करायचं?

सहा_ठिपके
ताई, फार आनंद झाला. खिळ्यांची युक्ती मी आमच्या ऑफिसच्या कँटीनवाल्याला सांगणार आहे. फाटकी नोट बाबांनी घ्यायचीच नाही, "दुसरी द्या" म्हणायचं, दुकानदार म्हणून त्यांना ते चांगलंच येत असणार. आलीच तर वेगळ्या डब्यात टाका, दादाला दाखवा, बँकेत बदलून मिळते. अन बँकेत गेला की दहा-वीसच्या कोऱ्या नोटांचं बंडल मागून पाहा, परत द्यायच्या नोटा बाबांच्या हातात कडक असल्या की निम्मं काम सोपं होतं.